तार खाली, तार वर

"पुन्हा बझ मारतेय," दादा म्हणाला आणि गिटार त्याने अशी काही टेबलावर ठेवली की डबीतले स्क्रू टणाटण उडाले. "काय केलंयस काय तू हिला?"

धाकट्याने तोंडात धरलेला स्क्रू ड्रायव्हर काढला. "मी? मागच्या वेळी तूच म्हणालास, तारा टणक लागतात, खाली कर. केल्या खाली."

"खाली कर म्हणालो. बझ आण म्हणालो का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? धाकट्याने डोकं खाजवलं. गिटारच्या तारा जितक्या खाली, म्हणजे मानेच्या जितक्या जवळ, तितक्या त्या दाबायला मऊ. पण मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ज्यांना वाजवणारे फ्रेट म्हणतात. तारा फारच खाली आल्या की थरथरताना त्या पट्ट्यांना घासतात आणि स्वच्छ सुराऐवजी डबीत माशी कोंडल्यासारखं झुर्रर्र ऐकू येतं. तेच बझ. तारा वर घेतल्या की बझ जातो, पण मग दाबायला जोर लागतो. मऊही हवं आणि बझही नको, म्हणजे दोन्ही हातांत लाडू. पण दादाला हे तोंडावर सांगणार कोण?

धाकट्याला सगळं गाव धाकटाच म्हणायचं. दूधवाला, गिऱ्हाईक, बँकेतली बाई, सगळे. मिश्या पांढऱ्या झाल्या तरी हा आपला धाकटाच. मोठा एकच, तो दादा. धाकट्याच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची खोली म्हणजे बाकीचा सगळा संसार, आणि संसारात तो एकटाच. पूर्वी रेडिओ, इस्त्र्या, मिक्सर असं येईल ते उघडून बसायचा. पुढे दादाची गिटार बघता बघता दादाच्या ओळखीच्यांच्या गिटारी यायला लागल्या. स्वतःला वाजवायला म्हणाल तर ओ की ठो येत नव्हतं. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक सूर वाजवत जायचं, एवढंच त्याचं गाणं. लोक थट्टा करायचे, धाकट्या, आज कुठला कार्यक्रम? तो म्हणायचा, मला वाजवता येत नाही, पण का वाजत नाही ते सांगता येतं.

आणि नेमकं तेच आता सांगता येईनासं झालं होतं.

"कुठे मारते बझ?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? कधी इथे, कधी तिथे."

"असं कसं होईल दादा? पट्टी वर आली असेल तर ठरलेल्या जागीच वाजेल ना. आज इथे, उद्या तिथे, पट्ट्यांना काय पाय फुटलेत?"

"मला काय विचारतोस? मेकॅनिक तू की मी?" दादा उठला. "शुक्रवारी तालीम आहे. मास्तर स्पष्ट म्हणाला, बझ गेला नाही तर शनिवारी तुमच्या जागी दुसरा माणूस बसवतो. समजलं? इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललेलं नाही."

दादा ऑर्केस्ट्रात होता. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर शनिवारी गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. कीबोर्ड वाजवणारा मास्तर सगळ्यांचा प्रमुख, आणि त्याच्या डाव्या हाताची खुर्ची दादाची. आधीचा मास्तर होता तेव्हाही ती दादाचीच होती. गायक बदलले, हॉलचे पडदे बदलले, खुर्ची काही हलली नाही. दादाची नोकरी होती, ती संपली. मुलगी होती, ती परदेशी गेली. आता आठवडाभर तो त्या खुर्चीसाठीच दाढी करायचा, असं वहिनी म्हणायच्या.

"आणि हे काय रे?" दादा दाराशी पोचला तेव्हा धाकट्याने विचारलं. दादाच्या अंगात नेहमीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. डाव्या मनगटाला बटण व्यवस्थित लावलेलं, उजवी बाही मात्र कोपरापर्यंत दुमडलेली. "ही कुठली नवी फॅशन?"

"गरम होतं."

"एकाच हाताला?"

"तू गिटार बघ," दादा म्हणाला आणि गेला.

धाकट्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक समोर बसवून काम करायचं नाही. मालक समोर असला की तोंड बंद ठेवत नाही, हे घट्ट कर, ते सैल कर, अरे हळू, ती माझ्या सासऱ्यांनी दिलेली आहे, आणि त्या कालव्यात बारीक आवाज ऐकू येत नाही. म्हणून वाद्य ठेवून घ्यायचं, माणसाला वाटेला लावायचं, दार ओढून घ्यायचं आणि मग स्वतःच्या हाताने एकेक सूर तपासायचा. दादा तर बोलण्यात सगळ्या गिऱ्हाइकांचा बाप, त्यामुळे त्याला तर आधीच बाहेर.

त्या दिवशी त्याने गिटार नखशिखांत तपासली. मान फार वाकलीय का, हे डोळा लावून पाहिलं. मानेच्या आत एक सळई असते, ती पिळून मान सरळ-वाकडी करता येते. ती जिथल्या तिथे होती. पोलादी पट्टीचा तुकडा फ्रेटांवर टेकवून एखादा उंच झालाय का, हे बघितलं. तुकडा कुठेही डुगडुगला नाही. मग वाजवायला बसला. तारा खरोखर खालच्या होत्या, इतक्या की त्याला स्वतःलाच लाज वाटली, पण त्याच्या हातून एकही सूर घासला नाही. पहिली पट्टी स्वच्छ. पाचवी स्वच्छ. सातवी, जिच्याबद्दल दादाने गेल्या खेपेला आकाशपाताळ एक केलं होतं, तीही घंटेसारखी स्वच्छ.

"मग झालंय काय तुला?" त्याने गिटारलाच विचारलं.

वर्षभर हेच चाललं होतं. दादा यायचा, म्हणायचा टणक लागते. धाकटा तारा थोड्या खाली घ्यायचा. दादा खूश. मग थोड्या दिवसांनी, अजून थोड्या. मग अजून. आणि आता बझ. थोड्या वर घेऊन दिल्या तर तासाभरात परत, म्हणे ही गिटार आहे की तारेचं कुंपण? पुन्हा खाली. पुन्हा बझ. धाकट्याच्या नाकी नऊ आले होते. त्याच्या मते दादाच्या डोक्यातच काहीतरी बिघडलं होतं. वय झालं की माणसं खुसपटं काढतात, तसं काहीतरी.

तरी त्याने तारा केसभर वर घेतल्या, सगळं पुसलं आणि संध्याकाळी गिटार घेऊन दादाच्या घरी गेला.

दार वहिनींनी उघडलं. हातात लोणच्याची बरणी होती आणि त्या तिचं झाकण पिळत होत्या. "या भावजी. बसा. तुमचे बंधुराज आत आहेत, तोंड फुगवून."

"द्या, मी उघडतो झाकण."

"नको हो, सवय झालीय. हल्ली घरातली झाकणं माझ्याकडेच असतात." त्या हसल्या. "यांना सांगितलं की म्हणतात, मी काय हमाल आहे? परवा कपबशी फोडली, तर म्हणाले कपच गुळगुळीत आहे. तुम्हीच सांगा, कप काय खरखरीत असतो?"

धाकटाही हसला. हसावं अशीच ती गोष्ट होती. आपल्या कामात इतका हुशार माणूस, पण ती गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरून गेली आणि त्याने तिला जाऊ दिलं.

दादाने गिटार घेतली, आतल्या खोलीत नेली आणि दार लावलं. बाहेर दोघं चहा घेत ऐकत राहिले. पहिल्या दोन ओळी अशा आल्या की वहिनींचा चेहरा खुलला. आणि मग झुर्रर्र. थांबला. पुन्हा तीच ओळ. झुर्रर्र. पुढची ओळ, दुसरी जागा, तिथेही झुर्रर्र.

धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला. आता, ही गिटार तासाभरापूर्वी त्याच्या मांडीवर गुणी बाळासारखी वागली होती. वाटेत हिला काय चावलं?

तो उठून आत गेला. "दादा, परत वाजव. माझ्यासमोर."

"तुझ्यासमोर कशाला? बाहेर ऐकू नाही आलं?"

"आलं. पण मला बघायचंय."

"बघायचं काय त्यात?" दादाचा आवाज एकदम चढला. "ऐकायची गोष्ट आहे ती, बघायची नाही! तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसऱ्या कुणाकडे नेतो. गावात काय तू एकटाच आहेस?"

धाकटा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. गिटार दुसरीकडे नेतो, हे दादाने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. शाळेत असताना दोघांनी मिळून ती पहिली भंगार गिटार आणली, तेव्हापासून एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा, अशी वाटणी होती. तीच आता मोडत होती. कशापायी, ते काही त्याला समजेना.

"मी जमत नाही म्हणालो नाही," तो कसाबसा बोलला. "मला कळत नाही एवढंच."

"मग कळल्यावर ये."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मानेने खूण केली, जाऊ द्या, आत्ता नको.

घरी आल्यावर धाकटा आपली टेबलावरची पोलादी पट्टी उगाचच इकडून तिकडे करत बसला. त्याला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय, ते कळत नव्हतं. कुठल्याही ठरलेल्या पट्टीवर नाही, ठरलेल्या तारेवर नाही. माझ्या हातात नाही, त्याच्या हातात आहे. हे शेवटचं वाक्य तो मनातल्या मनात तीन-चारदा म्हणाला, आणि तरीही त्याला ते ऐकू आलं नाही. गिटारवाल्याची हीच गंमत असते. बिघाड गिटारीतच असणार, असं धरूनच तो पाना उचलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार उघडलं तर पायरीवर दादा. गिटार मांडीवर आडवी. दुसरीकडे गेला नव्हता.

"चहा घेतोस?" धाकट्याने विचारलं.

"घेईन."

चहा झाला. कालच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, भावाभावांत बोलतही नाहीत. मग धाकट्याने दार लावून घेतलं, पण या वेळी दादाला आत ठेवून.

"आज तू बसायचंस," तो म्हणाला. "वाजव. आणि बोलू नकोस, मला ऐकू येत नाही."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याला वाटलं, आता उठून जाणार. पण बसला. गिटार उभी धरली आणि वाजवायला लागला.

धाकट्याने सगळ्यांत लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक फ्रेटवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. घासतंय तिथला आवाज सरळ कानात उतरतो. दादाचं तिसरं बोट तारेवर होतं आणि झुर्रर्र चालू होतं. धाकट्याने टोक पुढच्या फ्रेटवर ठेवलं, कारण खालच्या तारा घासतात त्या पुढच्या फ्रेटलाच. तिथे काही नाही. त्याच्या पुढच्यावर ठेवलं, तिथेही काही नाही. आणखी पुढे, शांत. त्याला वाटलं आपला कानच गेला. मग सहज म्हणून, ज्या फ्रेटपाशी दादाचं बोट होतं त्यावरच टोक टेकवलं.

झुर्रर्र. कानाच्या पडद्यावर आदळलं.

म्हणजे तार पुढे कुठे घासत नव्हती. ज्या पट्टीवर तिला दाबून बसवायचं, तिथेच ती नीट बसत नव्हती, नुसती टेकली होती.

धाकट्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आपल्या हाताचं बोट पुढे केलं आणि दादाच्या तिसऱ्या बोटाच्या नखावर ठेवून दाबलं. "आता छेड."

दादाने तार छेडली. सूर स्वच्छ निघाला.

धाकट्याने बोट उचललं. झुर्रर्र. पुन्हा ठेवलं. स्वच्छ. करंगळीवर करून बघितलं, तेच. आणि मग सगळं समजल्यावरही त्याने पुन्हा एकदा दाबून बघितलं, जणू या खेपेला काहीतरी वेगळं होईल.

"कळलं," दादा म्हणाला. "पुरे."

धाकट्याला आधी काय वाटलं असेल? सांगायला नको, पण खरं ते खरं: आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, माझं काम बरोबर होतं, गिटारीत काही नव्हतं. आणि मग लगेच त्याची त्यालाच इतकी शरम वाटली की त्याने मान वर केली नाही. त्याला ती बरणी आठवली. कपबशी आठवली. उजव्या बाहीचं बटण लावायला डावा हात लागतो, हेही त्याच्या आत्ता ध्यानात आलं. आजही ती बाही दुमडलेलीच होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कोपरातली नस म्हणतात. ही दोन बोटं. बघू म्हणतात, कधी येतं परत, कधी नाही येत."

"कधीपासून?"

"तू तारा खाली करायला लागलास तेव्हापासून."

"अरे, मग बोलायचं नाही का? मी इथे येड्यासारखा पट्ट्या मोजतोय! वर्षभर! वहिनींना तरी माहीत आहे का?"

"तिला वाटतं मी आळशी झालोय. वाटू दे." दादा डाव्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मला वाटायचं गिटारचं असेल. तुला सापडेल. तू म्हणायचास, सापडत नाही, तेव्हा मी चिडायचो. पण घरी जाताना बरं वाटायचं रे. म्हणायचो, चला, अजून सापडलं नाही, म्हणजे गिटारचंच असू शकतं."

धाकट्याने उठून उगाच खिडकी उघडली आणि परत लावली.

"उद्या तालीम," दादा म्हणाला. "मास्तरला काय सांगू? हात गेला म्हणून?"

हात गेला.

धाकट्याने गिटार जवळ ओढली. मग म्हणाला, "वर करू."

"काय?"

"तारा. वर करू. चांगल्या बोटभर. इतक्या वर, की दाबायलाच नकोत."

"डोकं फिरलंय का तुझं? खालच्या दाबता येत नाहीत, त्या—"

"आपली पहिली गिटार आठव."

ती गिटार! तिची मान धनुष्यासारखी वाकली होती. तारा कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारख्या वर ताणलेल्या असायच्या आणि भीमालासुद्धा दाबता आल्या नसत्या. मग दादाने तिला मांडीवर आडवी घेतली होती, आणि बोटांऐवजी शेजारच्या गॅरेजमधली पोलादी गोटी, नट खोलायची जाड नळी असते ना ती, तारांवरून घसरवत वाजवायला शिकला होता. दाबायचं काही नाही, नुसतं टेकवायचं आणि सरकवायचं. पहिली दोन-तीन वर्षं तो तसाच वाजवायचा. पुढे चांगली गिटार मिळाली आणि ती उभी धरली गेली.

"गोटी अंगठा आणि पुढची दोन बोटं धरतील," धाकटा म्हणाला. "ती चांगली आहेत ना? वजन तिचं ती सांभाळते."

"आणि मी शनिवारी सगळ्यांसमोर गिटार मांडीवर घेऊन बसू? नातवंडासारखी? लोक हसतील धाकट्या."

"बझ ऐकून हसतच आहेत की."

हे लागलं. लागावं म्हणूनच बोललं होतं. दादा तोंड फिरवून म्हणाला, "मास्तर विचारेल."

"मास्तरचं मी बघतो. तू फक्त वाजव."

आणि नियम मोडून, मालकाला समोर बसवून, धाकट्याने काम सुरू केलं. तारा सैल केल्या. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची एक खाचा पाडलेली पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात; तिच्यावर धातूची उंच पन्हळ बसवली. खालच्या टोकाचे बारीक स्क्रू वर घेतले. हे स्क्रू वर्षभर त्यानेच पाव पाव वळसा खाली नेले होते. ते उलटे फिरवताना त्याचा हात जड झाला. आता ही गिटार कुणाच्याच बोटांनी वाजणार नव्हती. दुरुस्त करतोय की मोडतोय, हे त्याला खरोखर समजत नव्हतं. दादा एक शब्द बोलला नाही. हाही एक चमत्कारच.

गोटी अडगळीच्या डब्यात सापडली. धाकट्याने ती घासूनपुसून दिली. दादाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि गोटी तारेवर टेकवून सरकवली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा असा आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इतके हसले, इतके हसले की दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याने पुन्हा सरकवली. हळू. हाताला कुठेतरी जुनं आठवत होतं. सूर आधी चाचपडला, मग जागेवर येऊन थांबला, आणि लांबत गेला. कुठे घासायला काही नव्हतंच. तार आणि मान यांच्यामध्ये आता नुसती हवा होती. धाकटा टेबल पुसायला लागला, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि दादाला ते दाखवायचे नव्हते.

शुक्रवारी तालमीला हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. ड्रमवाला आपले स्क्रू आवळत होता. दादाने खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली, तसा मास्तर कीबोर्डमागून उठूनच आला.

"हे काय दादा? हा काय प्रकार?"

दादाने तोंड उघडलं. त्याच्या आधी धाकटा बोलला.

"माझी चूक झाली मास्तर. तारा खाली करता करता माझ्याकडून हिची मान गेली. म्हणून तर बझ मारत होती. आता बोटांनी वाजायची नाही, अशीच वाजवावी लागेल."

"अरे, पण किती दिवस?"

"ते काही सांगता येत नाही."

मास्तरने कपाळाला हात लावला. "म्हणजे गेले दोन महिने आम्ही यांना नावं ठेवतोय, आणि घोळ तुझा? एवढी वर्षं पाने फिरवतोस, आणि सख्ख्या भावाच्या गिटारीची वाट लावलीस? माझा दुसरा कीबोर्ड पडलाय ना तुझ्याकडे? त्याला हात लावू नकोस. मी माणूस पाठवून मागवून घेतो."

ड्रमवाला खी खी करून हसला. धाकट्याने दादाकडे पाहिलं.

"याचं लहानपणापासून असंच आहे," दादा म्हणाला. "एक काम धड नाही."

सगळे हसले. खोटं धाकट्याचं स्वतःचंच होतं, रात्रभर जुळवलेलं, आणि दादा ते नीट पुढे नेत होता. मग ते इतकं का झोंबावं? त्याला दादाचा राग आला, आणि राग आल्याचा राग आला, आणि वर दादासाठी बरंही वाटलं. शेवटी तो ढिगातली एक खुर्ची काढून मागे जाऊन बसला.

मग दादाने संथ चालीचं एक गाणं वाजवलं. ड्रमवाल्याचं हसणं पहिल्या ओळीत थांबलं. मास्तर कीबोर्डवर हात ठेवून नुसताच ऐकत राहिला, स्वतःची जागा आली तरी त्याने वाजवलं नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, "उडत्या चालीची गाणी त्या नव्या गिटारवाल्या पोरीकडे देतो. संथ सगळी तुमची. उद्याची सुरुवात यानेच."

अर्धी गाणी गेली. खुर्ची राहिली. दादाने मान हलवली.

शनिवारी संध्याकाळी धाकटा वायर जोडायला स्टेजच्या मागच्या खोलीत गेला. तिथे सगळे होते. नवी पोरगी तारा लावत होती, ड्रमवाला भांग पाडत होता, मास्तर गाण्यांचा क्रम वाचून दाखवत होता. दादा आरशासमोर उभा होता. पांढरा, कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डाव्या मनगटाचं बटण लावलेलं. उजवी बाही दुमडलेली नव्हती, मोकळी लोंबत होती.

धाकट्याला वाटलं, आता दुमडून घेईल. गरम होतं म्हणेल.

दादा वळला. उजवा हात त्याने सरळ पुढे केला, सगळ्यांच्या मधोमध.

"धाकट्या, हे बटण लाव रे. माझ्या डाव्या हाताने लागत नाही."

मास्तर वाचता वाचता थांबला. त्याने दादाच्या उजव्या बाहीकडे पाहिलं, मग खाली सोडलेल्या डाव्या हाताकडे, मग धाकट्याकडे. ड्रमवाल्याचा कंगवा केसांतच राहिला.

दादा हे मुद्दाम बोलला की सहज तोंडातून गेलं, धाकट्याला अजूनही सांगता येत नाही. तो पुढे झाला. बटण बारीक होतं आणि काज स्टार्चने चिकटलं होतं. स्क्रूंना सरावलेली त्याची बोटं दोनदा घसरली.

"हळू," दादा म्हणाला. "घाई नाही." आणि बटण लागेपर्यंत हात तसाच पुढे धरून उभा राहिला.